पगार नसलेल्या माणसांकडून रिलीज वेळेत कसं काढायचं?

प्रश्न कोल्हापुरातूनच आलाय. गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलन आणि बिलाचं एक मुक्तस्रोत (ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो असं) सॉफ्टवेअर वीसेक जण मिळून सांभाळतात. कुणी शिवाजी विद्यापीठात शिकतंय, कुणी शाहूपुरीत हिशेबनीस आहे, काही जण नोकरीसाठी पुण्यात आहेत. सगळे आपापला व्याप सांभाळून रात्री बसतात. नव्या आवृत्तीची तारीख तीनदा जाहीर झाली आणि तीनदा पुढं गेली. सुरुवातीपासून राबणारी दोन मुलं आता ग्रुपवर बोलेनाशी झालीत. विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं असं, की पगार देत नाही तर कुणाला वेळेचं बंधन घालायचं कसं, आणि काम अडलं तर रागवायचा हक्क तरी आपल्याला आहे का?

ताई, तो हक्क नाही, आणि नीट बसवलेल्या कामात त्याची गरजही पडत नाही. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या मुक्तस्रोत प्रकल्पांची रिलीजं, म्हणजे नव्या आवृत्त्या बाहेर काढायची कामं, जुळवतोय. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. हौसेनं काम करणारा माणूस आळसामुळं क्वचितच अडवतो. "मला जमणार नाही" हे त्याला सोमवारीच कळलेलं असतं, पण आपल्याला शनिवारी रात्री समजतं, आणि मधले पाच दिवस वाया जातात. त्यामुळं खाली जे सांगतोय त्याचा रोख दोनच गोष्टींवर आहे. नकार लवकर कळला पाहिजे, आणि कुणीही नकार दिला तरी रिलीज पुढं सरकलं पाहिजे.

आधी तारीख. तुमच्याकडं यादी आधी आणि तारीख नंतर असं चाललंय. फॅट-एसएनएफच्या (दुधातली स्निग्धता आणि इतर घन घटक) दराचा नवा तक्ता, मोबाइलवर पावती, वार्षिक अहवाल, हे सगळं झालं की रिलीज. यात सगळ्यात मागं पडलेल्या एकट्या माणसाच्या वेळेवर बाकी एकोणीस जण टांगलेले राहतात, आणि त्या एकट्यालाही ते ओझं होतं. हे उलटं करा. तारीख आधी ठरवा आणि त्या दिवशी जेवढं तयार असेल तेवढंच बाहेर काढा.

मोठे प्रकल्प याच वाटेनं गेले, पण आधी उशिराचं एक उदाहरण. डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्तस्रोत प्रणालीच्या स्थिर आवृत्त्यांमध्ये 'वुडी' जुलै २००२ मध्ये आली आणि त्यानंतरची 'सार्ज' थेट जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं लोक वाट बघत राहिले. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पानं मात्र २००२ च्या २.० आवृत्तीनंतर दर सहा महिन्यांचा नेम धरला. आजही त्यांची नवी आवृत्ती मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, नवं काम घ्यायची खिडकी दोन आठवडे उघडी असते. मग दर आठवड्याला एक रिलीज कँडिडेट (तपासायला दिलेली संभाव्य अंतिम आवृत्ती) निघतो, साधारण सात-आठ कँडिडेट झाले की आवृत्ती बाहेर. ज्याचं काम खिडकीत बसलं नाही त्याला कुणी बोल लावत नाही, कारण दोन-अडीच महिन्यांत पुढची खेप असते. स्वयंसेवकाला हा फार मोठा दिलासा असतो. गाडी चुकली तर पुढची कधी आहे हे माहीत असलं, की तो अर्धवट काम घाईघाईनं कोंबत नाही.

आता तुमची तारीख कोणती? इथं दुसऱ्यांची नक्कल उपयोगाची नाही, आपलं कॅलेंडर घेऊन बसावं लागेल. तुमच्या संस्थांमध्ये दर दहा दिवसांनी बिल निघतं. बिल काढायच्या आदल्या दिवशी कुठलाही सचिव नवीन आवृत्ती टाकणार नाही, आणि टाकूही नये. बिल वाटून झालं की पुढचे तीन-चार दिवस निवांत असतात, त्यात रिलीज बसवा. दिवाळीच्या फरकाच्या (दूध उत्पादकांना मिळणाऱ्या दरफरकाच्या रकमेच्या) आधीचा महिना पूर्ण सोडा. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, म्हणजे वार्षिक अहवालाचं काम असलेली आवृत्ती फेब्रुवारीच्या मध्यात लोकांच्या हातात हवी.

हे झालं वापरणाऱ्यांचं. काम करणाऱ्यांचंही असंच मांडा. विद्यार्थी परीक्षेच्या महिन्यांत मिळणार नाहीत. गणपतीत आणि नवरात्रात या गावात कुणाकडून रात्रीचं काम होईल अशी अपेक्षाच धरू नका. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना तोड आली की ते चार दिवस रानात. तोड कधी येईल हे त्यांनाही सांगता येत नाही, म्हणून हिवाळ्यातल्या रिलीजमध्ये त्यांच्याकडं एकट्यानं उचलायचं काम देऊ नका. आणि जुलै-ऑगस्ट नको. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण सगळ्यांनी पाहिलाय. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की वीज, नेट आणि माणसं तिन्ही एकदम जातात. एवढं सगळं वजा केलं की फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आणि जूनचा दुसरा आठवडा एवढंच हाताशी राहतं. वर्षाला दोन आवृत्त्या पुष्कळ झाल्या.

तारखेच्या चार आठवडे आधी फीचर फ्रीज लावा, म्हणजे त्यानंतर नवं काही घ्यायचं नाही, फक्त बग दुरुस्त करायचे. प्रत्येक नवं काम वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) ठेवलं तरच हे पाळता येतं. अर्धवट काम मुख्य ब्रँचमध्ये मिसळून बसलं असेल तर ते मागं ठेवणंच अशक्य होतं, आणि तारीख पुन्हा त्याच्या दावणीला बांधली जाते. तुमच्या तीन हुकलेल्या तारखांपैकी निदान एक तरी यामुळं हुकली असेल असा माझा अंदाज आहे.

दोन आठवडे आधी दुसरा फ्रीज, स्ट्रिंग फ्रीज, म्हणजे पडद्यावरची वाक्यं आता बदलायची नाहीत. यावर थोडं थांबून सांगतो, कारण लहान प्रकल्पांत याची कुणी दखल घेत नाही आणि भाषांतर करणारी माणसं याच पायी सोडून जातात. तुमचं सॉफ्टवेअर मराठीत आहे आणि सीमेपलीकडच्या संस्थांसाठी कन्नडमध्येही. समजा, रिलीजच्या दोन दिवस आधी कुणीतरी सगळीकडचं 'सभासद' बदलून 'दूध उत्पादक' केलं. कोडमध्ये हा पाच मिनिटांचा बदल आहे. पण कन्नड भाषांतर करणाऱ्या बाईंची तेवढी सगळी वाक्यं पुन्हा रिकामी दिसायला लागतात. छोट्या प्रिंटरच्या पावतीवर लांबलेला शब्द रकमेच्या रकान्यात घुसतो. मदत-पुस्तिकेतले स्क्रीनशॉट जुने होतात. बदल एकाचा, आणि रात्र जाते तिघांची, तीही त्यांना न विचारता. ग्नोममध्ये या मुदतीनंतर पडद्यावरचं वाक्य बदलायचं असेल तर भाषांतर गटाची परवानगी घ्यावी लागते. तुम्हीही तोच नियम करा आणि परवानगी देण्याचा अधिकार खरोखर त्या कन्नड भाषांतर करणाऱ्या बाईंकडं द्या. एकदा त्यांनी "आता नको, पुढच्या आवृत्तीत घ्या" असं सांगितलं आणि ते पाळलं गेलं, की त्यांना या कामात आपली किंमत आहे हे कळतं. कोड लिहिणाऱ्यांइतकाच भाषांतर, टेस्टिंग आणि पुस्तिका सांभाळणाऱ्यांचा वेळ मोलाचा आहे, हे नियमात दिसायला हवं. आभाराच्या ओळीत ते सगळेच लिहितात.

आता काम मागायचं कसं. ग्रुपवर "विंडोजवर टेस्टिंग करायला कुणी आहे का?" असं टाकलं की दोन अंगठे येतात आणि काम कुणीच करत नाही. अंगठा दाखवणाऱ्यालाही आपण नेमकं काय कबूल केलं हे माहीत नसतं. काम एका माणसाला, त्याच्या खासगी मेसेजवर मागा, आणि असं मागा:

"विंडोज १० च्या जुन्या मशीनवर नवा इन्स्टॉलर चालवायचाय. आधीच्या आवृत्तीची नमुना फाइल उघडून एक दहा दिवसांचं बिल काढायचं, पावती छापायची, आणि एकूण रक्कम जुन्या बिलाशी ताडून बघायची. पाऊण तास लागेल. बुधवारी रात्रीपर्यंत होईल का? जमत नसेल तर सोमवारी सांगितलं तरी चालेल, मी दुसऱ्या कुणाला तरी विचारतो."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. नाही म्हणायला जागा दिली की माणूस खरं सांगतो. आपल्याकडं मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. विद्यार्थी तर "सर, बघतो की" म्हणून मोकळा होतो आणि मग चुकवत राहतो. त्याला वाईट वाटतं म्हणून तो ग्रुपवर यायचा थांबतो, आणि आपल्याला वाटतं त्याचा रस संपला. "बघतो" आलं की दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा एकदा शांतपणे विचारा, होय की नाही. "नाही" असं उत्तर आलं तर मनापासून आभार माना, कारण त्यानं तुमचे चार दिवस वाचवलेत.

कामाचा तुकडा एका बैठकीत संपेल एवढाच असावा. कामाच्या यादीत प्रत्येक ओळीसमोर एकच नाव हवं, दोन नावं असली की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात. त्याच ओळीत आणखी एक रकाना ठेवा, हा नसला तर कोण. डेबियननं तर यासाठी रीतच घालून दिली आहे. एखाद्या पॅकेजचा (प्रणालीतल्या एका सॉफ्टवेअरचा) मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा, उपलब्ध नसेल आणि रिलीज अडवणारा बग पडून असेल, तर दुसरा डेव्हलपर त्याची दुरुस्ती चढवू शकतो. मेंटेनरला आधी कळवलं जातं, बहुतेक वेळा काही दिवसांची मुदत ठेवली जाते, आणि बदल कमीत कमी केला जातो. यात कुणाचा अपमान होत नाही, कारण हा नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतो. ज्या पॅकेजचे गंभीर बग तसेच राहतात ते पुढच्या आवृत्तीतून गळतं, पण आवृत्ती थांबत नाही. तुमच्याकडंही मोबाइल पावतीचं काम करणारा मुलगा महिनाभर दिसला नाही, तर त्याच्या ब्रँचला हात कुणी, कधी लावायचा, हे आजच लिहून ठेवा. तो गायब झाल्यावर ठरवलं तर ते त्याच्याविरुद्ध ठरवल्यासारखं वाटतं.

कुठल्या बगसाठी रिलीज थांबवायचं हेही आधीच लिहून ठेवायचं. फेडोरा या लिनक्स प्रणालीत हे निकष लेखी असतात आणि आवृत्ती सोडायची की नाही हे ठरवायला एक 'गो / नो-गो' बैठक होते. निकष लेखी असल्यानं बैठकीत कुणाचा आवाज मोठा आहे याला महत्त्व राहत नाही. तुमच्यासाठी यादी छोटी आहे. बिलाची रक्कम चुकली, जुना डेटा गेला किंवा उघडेना, जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाता येईना, पावती छापली जाईना, तर थांबायचं. बाकी सगळं, बटणाचा रंग असो की अहवालातला रकाना एक खण सरकलेला असो, ज्ञात त्रुटी म्हणून रिलीज नोट्समध्ये लिहायचं आणि पुढं जायचं.

शेवटचा शब्द मात्र एकाचाच हवा. गुऱ्हाळावर राबणारी माणसं बरीच असतात, पण काहील कधी उतरवायची ते गुळव्याच सांगतो. तुमचा रिलीज मॅनेजर हा तो माणूस. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, लेखी निकष बघायचे आणि निर्णय द्यायचा. निर्णयाआधी लोकांना पुरेसा वेळ मात्र द्या. अपाचे या मुक्तस्रोत संस्थेच्या प्रकल्पांत रिलीजवर मत घेतात तेव्हा ते किमान ७२ तास खुलं ठेवायची प्रथा आहे. किमान तीन अधिकृत होकार लागतात, होकार नकारांपेक्षा जास्त असावे लागतात, आणि कुणा एकाला नकाराधिकार वापरून रिलीज अडवता येत नाही. तीन दिवस का, तर कुणी नोकरीवर असतं, कुणी प्रवासात, कुणी वेगळ्या देशात. तुमच्यातही पुण्यातली मुलं फक्त शनिवार-रविवारी मोकळी असतात. मग अंतिम कँडिडेट गुरुवारी रात्री काढा आणि निर्णय रविवारी रात्री घ्या.

हा रिलीज मॅनेजर कायमचा एकच नको. ताई, सध्या ते सगळं तुमच्याच गळ्यात आहे असं दिसतंय. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात गेल्या कित्येक आवृत्त्यांपासून एक माणूस लागोपाठ दोन आवृत्त्या सांभाळतो आणि मग जबाबदारी दुसऱ्याकडं जाते. रिलीज कसं काढायचं याच्या पायऱ्या सविस्तर लिहिलेल्या असल्यामुळं नवा माणूस ते वाचून उभा राहू शकतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पात मोठ्या आवृत्तीसाठी साधारण तिघांचा गट नेमतात. वीस जणांच्या प्रकल्पाला मी तिघांचा गट सुचवेन. एक निर्णय देणारा, एक त्याच्या शेजारी बसून शिकणारा, आणि एक मागच्या खेपेचा, ज्याला खाचखळगे माहीत आहेत. पुढच्या खेपेला शिकणारा पुढं येतो.

पायऱ्यांची चेकलिस्ट रिलीज चालू असतानाच लिहायची. आवृत्ती क्रमांक कुठकुठल्या फाइलमध्ये बदलतो, टॅग (त्या आवृत्तीच्या कोडवरची खूण) कसा लावायचा, इन्स्टॉलर कुठल्या मशीनवर बनतो, डाउनलोडचं पान कोण बदलतं, संस्थांना कळवायचा मजकूर कुठं आहे. नंतर आठवून लिहिलेल्या चेकलिस्टमध्ये नेमकी ती पायरी राहते जी तुमचा हात सवयीनं करतो. आणि चेकलिस्ट पुरी आहे का हे तपासायचा एकच मार्ग मला माहीत आहे. शिकणाऱ्याला ती वाचून कँडिडेट बनवू द्यायचा आणि आपण शेजारी गप्प बसायचं. तो जिथं अडेल तिथं एक ओळ वाढवायची.

किल्ल्या आणि पासवर्ड याबद्दल कडक राहा. २९ मार्च २०२४ ला 'एक्सझेड' या फाइली आवळून लहान करणाऱ्या, लहानशा पण सगळीकडं वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पातला चोरदरवाजा उघडकीला आला. एसएसएचनं (दूरच्या संगणकावर शिरायच्या सोयीनं) लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरनं केला म्हणून तो सापडला. तो चोरदरवाजा ५.६.० आणि ५.६.१ या दोन रिलीजमध्ये होता, आणि तो चालू करणारा बिल्डचा (कोडवरून सॉफ्टवेअर बनवण्याच्या पायरीचा) एक तुकडा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हताच, फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात होता. म्हणजे कोड वाचणाऱ्याला तो दिसण्याची सोयच नव्हती. त्या आधी दोनेक वर्षं एकजण सभ्यपणे पॅच (कोडमधले बदल) पाठवत मेंटेनरचा विश्वास मिळवत होता, आणि दमलेल्या मेंटेनरवर "काम दुसऱ्याकडं द्या" असा दबाव इतर नावांनी आणला जात होता. एकट्यावर पडलेलं रिलीज किती धोक्याचं असू शकतं हे यातून दिसतं. तुमच्या इन्स्टॉलरवर शेकडो घरांच्या दुधाचे पैसे विसंबून आहेत. त्यामुळं इन्स्टॉलर टॅग केलेल्या कोडवरूनच बनावा, कुणाच्या लॅपटॉपवरच्या सुट्या फाइलवरून नको. दोन माणसांनी तो वेगवेगळा बनवून ताडून पाहावा. अपलोड करायचा अधिकार तिघांकडं असावा. प्रकल्प सोडून गेलेल्याचा अधिकार त्याच आठवड्यात काढावा, आणि हे सगळ्यांच्या बाबतीत होतं असं त्याला प्रेमानं सांगावं.

टेस्टिंगबद्दल एक सूचना. तुमचे सगळ्यात चांगले टेस्टर संस्थांचे सचिव आहेत. ते गिटवर खातं उघडणार नाहीत, बगचा फॉर्मही भरणार नाहीत. तीन-चार संस्था निवडा आणि त्यांना कँडिडेट वेगळ्या मशीनवर, जुन्या डेटाची प्रत घालून द्या. संध्याकाळचं संकलन संपल्यावर एका विद्यार्थ्यानं फोन करायचा आणि ते जे सांगतील ते त्यानंच नोंदवायचं. "परवाच्या बिलात पाटलांच्या म्हशीचं दूध गायीच्या दरानं लागलं" हे एक वाक्य कित्येक तपशीलवार बग रिपोर्टपेक्षा मोलाचं असतं. हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला सॉफ्टवेअर कुणासाठी आहे ते कळतं, आणि असे विद्यार्थी टिकतात.

एवढं करूनही तारीख पुढं ढकलायची वेळ येईल. उबंटू या लिनक्स प्रणालीची ६.०६ ही आवृत्ती एप्रिल २००६ मध्ये यायची होती, ती सहा आठवडे पुढं नेऊन १ जूनला आणली गेली. पुढं नेण्याची कल्पना आधीच मांडली होती, कारण सांगितलं होतं आणि नवी नेमकी तारीख दिली होती. "लवकरच येईल" असं कधी लिहू नका. ज्या माणसानं तुमच्या तारखेसाठी रजा टाकली होती त्याला "लवकरच"चा काही उपयोग नसतो.

रिलीज झाल्यावर दोन आठवडे कुणालाही नवं काम देऊ नका. पहिल्या काही दिवसांत छोटी दुरुस्ती-आवृत्ती लागतेच, तिच्यासाठी दोन ताजी माणसं आधीच राखून ठेवा, जी रिलीजच्या आठवड्यात राबलेली नसतील. रिलीज नोट्समध्ये प्रत्येकाचं नाव आणि त्यानं काय केलं ते लिहा. पावती ताडून बघणाऱ्याचं, फोन करणाऱ्याचंही. विद्यार्थ्याला नोकरीच्या मुलाखतीत ते पान दाखवता येतं.

आता त्या दोन मुलांचं. ग्रुपवर काही लिहू नका, फोन करा, आणि दोघांना वेगवेगळा. काम कधी होणार हे विचारू नका. त्यांच्या नावावर आज काय काय आहे ते वाचून दाखवा आणि त्यातलं काय काढून घेऊ असं विचारा. बहुतेक सगळंच काढून घ्या म्हणतील. ते हसून मान्य करा, यादीत त्या ओळींसमोर 'मोकळं' असं लिहा, आणि फेब्रुवारीची तारीख त्यांना सांगून ठेवा. मग बाकीच्यांना कळवा, की ही कामं आता कुणीही घेऊ शकतं, आणि नाही घेतली तर ती जूनच्या आवृत्तीत जातील.